अंगठ्याएवढी जागा

निळीवहिनीच्या हाताला घाम म्हणून येत नसे. भर उन्हाळ्यात दुकानात बाकीचे सगळे निथळत असायचे आणि या बाईचे तळवे आपले कोरडे ठणठणीत. बाहेरच्या एखादीला वाटलं असतं, चला, बरं आहे, रुमाल वाचला. पण हे घर बंदुका दुरुस्त करणाऱ्यांचं. इथे असे हात म्हणजे काय चीज असते ते इथल्यांनाच माहीत. पोलादाला माणसाचा घाम सोसत नाही. आज बोट लावा, उद्या त्या बोटाचा लाल ठसा तुमच्याकडे टकामका बघत बसलेला असतो.

तिचं काम बंदुकीच्या नळीवर निळसर काळा थर चढवायचं. नाव त्यावरूनच पडलेलं. दीर तिला वहिनी म्हणायचा, गिऱ्हाइकांनी पुढे ‘निळी’ जोडलं, आणि पुढे पुढे तर नवराही कौतुकाने तसंच म्हणायला लागला. तुम्ही म्हणाल, त्यात काय, रंग लावला की झालं. छे हो! तो रंग नाहीच. नळी घासून लख्ख करायची, चुन्याने धुऊन तेलाचा अंश काढायचा, तेजाबाचं पाणी फिरवायचं आणि दमट कपाटात टांगून तिच्यावर चक्क मुद्दाम गंज आणायचा. मग उकळत्या पाण्यात बुडवायची, की लाल गंज काळा पडतो. वरचा भुगा मऊ ब्रशने झाडायचा, की पुन्हा तेजाब, पुन्हा कपाट, पुन्हा उकळणं. असा आठवडाभर जीव काढावा तेव्हा कुठे पोलादावर ती निळाई उतरते. या सगळ्यात कुणाचं तेलकट बोट लागलं, तर तेवढ्या जागी काहीच धरत नाही, पोलाद पांढरंच राहतं. घामट बोट लागलं, तर तेवढी जागा लाल होऊन खाल्ली जाते. तेलाचं बोट पांढरं, घामाचं लाल. सासऱ्यांनी तिला पहिल्यांदा काही शिकवलं असेल तर ते हे.

आणि शेवटी तेलाचा हात. तो फडक्याने नाही, अंगठ्याने. तेलाच्या वाटीत अंगठा बुडवायचा आणि नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढायचा. हीसुद्धा सासऱ्यांचीच पद्धत. घरात ती आणखी कुणाला जमली नाही. नवरा लाकूडवाला माणूस, बंदुकीचे दस्ते कोरायचा आणि दिवसभर भुशात असायचा. दीर चाप आणि घोडे दुरुस्त करायचा आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा, गप्पा जास्त. त्यामुळे आतल्या खोलीत, जिथे कपाट, पाण्याची लांब हंडी आणि उत्तरेकडची खिडकी होती, तिथे फक्त सासरे आणि थोरली सून. पुढे सासऱ्यांच्या डोळ्यांवर पडदा आला, डॉक्टर झाले, ऑपरेशन झालं, तरी समोरचा माणूस त्यांना सावलीसारखाच दिसे. तेव्हापासून ते नळीवर बोट फिरवत आणि तिला विचारत, “सूनबाई, रंग कसा आलाय?” ती सांगे तो त्यांचा निकाल. “माझे डोळे माझ्या सुनेकडे आहेत,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि ते ऐकताना निळीवहिनी कामात गुंग असल्याचं सोंग आणून कान टवकारून असायची.

असं सगळं छान चाललेलं. मग दिराचं लग्न झालं आणि धाकटी आली.

आल्या आल्या तिने सासऱ्यांना ‘बाबा’ म्हणायला सुरुवात केली. निळीवहिनी इतकी वर्षं ‘मामंजी’ म्हणत होती. बाबा म्हणावंसं तिलाही वाटलं असेल, पण तोंडात आलं नाही ते नाहीच आलं. आणि ही कालची पोर, दारातून आत आली ती “बाबा, पाणी आणू?” करत. सासरेही तिला ‘पोरी’ म्हणायला लागले. थोरली ती सूनबाई आणि धाकटी ती पोरी! निळीवहिनीच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या तिथपासून.

पण देवाला काळजी. धाकटी पहिल्यांदा आतल्या खोलीत आली, नुकतीच तयार झालेली नळी बघून “अगंबाई, किती सुंदर!” म्हणाली आणि तिने ती दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली. दुसऱ्या दिवशी नळीवर सगळी बोटं उमटलेली, लालबुंद, मोजून घ्या. हिच्या हाताला असा घाम, की साध्या लोखंडी कडीलाही तिच्या हाताने गंज चढायचा. सासरे आधी हसले, मग गंभीर झाले, आणि म्हणाले, “पोरी, तू या खोलीत नको येऊस बाई.” दिराने तर चेष्टाच लावली. हिला पाना देऊ नका, हिला कुलूप लावायला सांगू नका, हिच्याशी हात मिळवलात तर अंगठी सांभाळा. धाकटी हसायची सगळ्यांबरोबर, आणि हसताना हात पदराखाली घ्यायची.

निळीवहिनी चेष्टा करायची नाही. उलट म्हणायची, “जाऊ दे ग, असतात एकेकीचे हात.” पण मनात? मनात उकळ्या फुटायच्या. खोटं कशाला सांगू.

दुसरी एखादी असती तर तिने गप्प बसून स्वयंपाकघर धरलं असतं. धाकटी कसली गप्प बसतेय! माहेरच्या गल्लीत मोटरसायकलचे भाग रंगवणारा एक कारखाना होता. तिथे ती जाऊन बसायला लागली. तिथून एका गावी शिकायला गेली. आणि एक दिवस नवऱ्याच्या मागे लागून तिने मागच्या शेडमध्ये बेकरीतली जुनी भट्टी आणून ठेवली. सिरॅमिकचा थर, म्हणाली. रंगासारखा फवारायचा, पण तो रंग नव्हे. वाळूच्या माऱ्याने पोलाद खरखरीत करायचं, धुवायचं, पातळसा फवारा मारायचा आणि भट्टीत भाजायचं. मग त्याला पाणी लागत नाही, मीठ लागत नाही.

“आणि घाम?” सासऱ्यांनी विचारलं.

“घामही नाही, बाबा,” धाकटी म्हणाली. “माझासुद्धा नाही.” आणि तिने आपण भाजलेला एक जुना चाप मुठीत धरून दाखवला. रात्रभर ती तो उशाशी नाही, मुठीत धरून झोपली होती म्हणे. सकाळी त्यावर डाग नव्हता. सासऱ्यांनी तो चाप हातात घेतला आणि बराच वेळ अंगठ्याने चाचपत राहिले. निळीवहिनी दारात उभी होती. त्यांनी नेहमीसारखं “सूनबाई, कसं आहे बघ” म्हटलंच नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“खेळण्यातल्या बंदुकीसारखं दिसतं,” ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली.

त्या दिवसापासून ती धाकटीला पाण्यात पाहायला लागली. शेडमधून भट्टीचा वास आला की ही खिडकी धाडकन लावायची. धाकटीने फवारलेला भाग कुणी हातात घेतला की ही नाक मुरडायची. “थर म्हणे! चार दिवसांनी पापुद्रे निघतील तेव्हा बघू.” पापुद्रे काही निघत नव्हते, हेच तर दुखणं होतं.

अशात बंदरावरच्या पहाऱ्याचा मुकादम दुकानात आला. चांगला दांडगा माणूस, आवाज असा की काउंटरवरचे स्क्रू हलावेत. त्याच्या पहारेकऱ्यांच्या सगळ्या बंदुका खाऱ्या वाऱ्याने खाल्ल्या होत्या. त्याने एक नमुना काउंटरवर आपटला.

“बघा ही दशा. मला टिकाऊ काहीतरी लावून पाहिजे. एकदा लावलं की पुन्हा तोंड नको बघायला.”

मग बसली चर्चा. दीर म्हणाला, निकेल चढवू. मुकादम म्हणाला, “रात्रीच्या पहाऱ्याला चमचमती बंदूक? चोराला कंदील दाखवायचाय का?” कुणी फॉस्फेटच्या राखाडी लेपाचं नाव काढलं. सासरे म्हणाले, ते तेल धरून ठेवतं खरं, पण नुसतं ठेवलं तर तेही हात टेकतं. उरले दोनच. निळाई आणि धाकटीची भट्टी.

“निळाईवर आमच्या मामंजींनी उभा जन्म काढलाय,” निळीवहिनी म्हणाली. “रोज तेलाचं फडकं फिरवलंत तर नातवंडं वापरतील.”

“रोज पुसणार कोण, बाई?” मुकादम म्हणाला. “आमचे गडी स्वतःचं तोंड रोज धूत नाहीत.”

सगळे हसले. तिला ते हसणं थोबाडीत मारल्यासारखं लागलं. पण बोलणं खरं होतं. निळाईला माणूस लागतो. बाळंतिणीसारखी तिची काळजी घ्यावी लागते. आणि बंदरावर कोण कुणाची काळजी घेतंय!

सासऱ्यांनी तोड काढली. एका मोडक्या नळीचे दोन तुकडे केले, म्हणजे पोलाद एकच. एकावर थोरलीने निळाई चढवायची, दुसऱ्यावर धाकटीने तिचा थर. दोन्ही धक्क्यावरच्या खांबाला टांगायचे, महिनाभर कुणी पुसायचे नाहीत. आणि मग त्यांनी पुढचं सांगितलं, सगळ्यांसमोर.

“शेड ओली आहे, धूळ येते. मोठं काम घ्यायचं तर ते आतल्या खोलीतच झालं पाहिजे. तेव्हा ज्याचा थर टिकेल त्याची आतली खोली.”

निळीवहिनीला वाटलं, आपलं ऐकण्यात काहीतरी चुकलं. तिने सासऱ्यांकडे बघितलं, पण त्यांच्याकडे बघून काय कळणार, त्यांची नजर भिंतीवर. उत्तरेची खिडकी, लांब हंडी, कपाटाचा तो दमट वास, “सूनबाई, रंग कसा आलाय” हे सगळं एका वाक्यात टांगणीला लागलं होतं. त्या खोलीबाहेर ती कोण होती? चहा करणारी थोरली सून. अशा घरोघर पडल्यात.

रात्री नवरा म्हणाला, “अगं, तू का जिवाला लावून घेतेस? तीही आपलीच, तूही आपलीच.”

“तुमचे दस्ते तिने प्लॅस्टिकचे करून आणले ना, मग बोला,” ती म्हणाली आणि कूस बदलली.

तिने आपल्या तुकड्यावर असं काम केलं की आयुष्यात केलं नसेल. मऊ, खोल, निळं. खिडकीशी धरला की त्यात खिडकीच्या गजांची सावली दिसायची. कुणालाही दाखवायच्या आधी तिने तेलाच्या वाटीत अंगठा बुडवला, एका दमात ओढला, आणि तुकडा ठेवून दिला. तिला ठाऊक होतं की हा हरणार. खारा वारा आणि महिनाभर उघडा! हिशेब तिच्याइतका कुणाला येत होता?

त्याच दिवशीची दुपार होती. पुरुष पुढे दुकानात होते. ती सहज म्हणून मागे शेडकडे गेली. निदान ती स्वतःला असंच सांगत होती, की बघू तर खरं काय दिवे लावतेय ही.

शेडमध्ये तारेच्या आकड्याला धाकटीचा तुकडा टांगलेला होता. वाळूचा मारा झालेला, धुतलेला, राखाडी, खरखरीत, उघडावाघडा. फवाऱ्याची बाटली भरून तयार. धाकटी पलीकडे भट्टीच्या उष्णतेच्या काट्याशी झटत होती, काटा नको तेवढा वर चढला होता, आणि तिची इकडे पाठ होती. हातात दोन-दोन हातमोजे एकावर एक चढवलेले. इतकी भीती त्या पोरीला आपल्याच हातांची.

दुसरं कुणी असतं तर त्या तुकड्याला हात लावून “वा, छान” म्हणून निघून गेलं असतं, आणि तो अजाणपणा ठरला असता. निळीवहिनी अजाण नव्हती. धुतलेल्या पोलादावर तेलाचं बोट म्हणजे काय, हे त्या घरात तिच्यापेक्षा जास्त कोण जाणत होतं? निळाई असो नाहीतर भट्टी, तेलावर काही धरत नाही.

तिचा अंगठा अजून तेलकट होता. तिने तो तुकड्यावर टेकवला. नुसता टेकवला नाही, दाबला.

“अय्या, ताई!” धाकटी वळली होती. चेहरा असा फुलला की जणू माहेरचं माणूस दिसलं. “तुम्ही आलात! बसा ना. नाही, इथे नको, इथे वाफ लागेल, या इकडे. मला किती दिवसांपासून वाटत होतं तुम्हाला एकदा दाखवावं. पण म्हटलं तुम्हाला आवडत नाही…”

“बघायला आले,” निळीवहिनी म्हणाली. अंगठा मुठीत.

आणि तिने बघितलं. धाकटीने फवारा उचलला आणि हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात ओढला. हात कसा ओढावा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तरी ओढ तीच होती, सासऱ्यांची. ते बघून निळीवहिनीच्या काळजात जे काही उठलं त्याला मी हेवा म्हणतो, तुम्हाला दुसरं काही म्हणायचं असेल तर म्हणा. अजून वेळ होता. “थांब ग, पुन्हा धू,” एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिचे ओठ उघडलेही असतील.

“आता हात लावू नका हं ताई, ओलं आहे,” धाकटी म्हणाली आणि तुकडा भट्टीत ठेवला.

महिना गेला. कसा गेला ते तिचं तिला माहीत. धाकटी आता जवळ जवळ करायला लागली होती. ताई, तुमचा चहा. ताई, तुमची पाठ चेपू का. शेडमध्ये आलात म्हणून बरं वाटलं, ताई. प्रत्येक शब्दाला निळीवहिनी दातओठ खायची. एखादी वाईट वागली तर तिच्याशी वाईट वागायला सोपं जातं. ही बया तेही सुख देईना.

मग मुकादम आला. गोणपाटातून त्याने दोन्ही तुकडे काउंटरवर ठेवले. सासऱ्यांना खुर्ची आणून दिली. नवरा भुसा झटकत आला, दीर आला, दोघी जावा काउंटरच्या आत उभ्या राहिल्या.

निळाईचा तुकडा बघवत नव्हता. लाल, खरबरीत, जागोजागी खड्डे. मुकादमाच्या तळव्याला गंज लागला तो त्याने पँटला पुसला. सासऱ्यांनी तुकडा हातात घेतला, बोट फिरवलं आणि हळूच खाली ठेवला.

“गेली,” ते म्हणाले. कुणी मेलं असं कळल्यावर म्हणतात तसं.

धाकटीचा तुकडा गेला तसाच परत आला होता. तोच काळा रंग, तोच सारखेपणा. निळीवहिनीला क्षणभर वाटलं, सुटले, काही झालंच नाही. तेवढ्यात मुकादमाने तो उजेडात फिरवला.

“आणि हे काय आहे? इथे फुगलंय.”

अंगठ्याएवढी जागा. फोडासारखी वर आलेली. मुकादमाने नख घातलं तर वरचा पापुद्रा अलगद निघून आला.

“अरे वा! याला टिकाऊ म्हणता? सगळ्या बंदुकांवर हे असं झालं तर माझे गडी काय पापुद्रे सोलत बसतील? राहू द्या. मी दुसरीकडे बघतो.”

“थांबा हो, थांबा,” दीर म्हणाला आणि बायकोकडे वळला. “तुझाच हात लागला असणार. किती वेळा सांगितलं! तुझ्या हाताला कशाचंच वावडं नाही, भट्टी आणा नाहीतर काही आणा.”

धाकटी पांढरीफटक पडली. तिने आपले हात समोर धरून पाहिले.

“दोन-दोन हातमोजे घातले होते,” ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. “पाझरला असेल… माझाच असणार. दुसरं कोण होतं तिथे.” दुसरं कोण होतं हे तिला आठवत नव्हतं असं नाही. मोठ्या हौसेने आलेल्या जावेवर संशय घ्यावा, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिने हात पदराखाली घेतले. “भट्टी देऊन टाका कुणाला तरी. मी नाही आता हात लावणार कशाला.”

झालं होतं. निळीवहिनीला बोट उचलायचीही गरज उरली नव्हती. मुकादम गोणपाट गुंडाळत होता. काम जाणार होतं, पण खोली राहणार होती. खिडकी, हंडी, कपाट, सगळं जिथल्या तिथे.

“खाली कसं आहे?” सासऱ्यांनी विचारलं.

“खाली म्हणजे?” दीर म्हणाला. “खाली लोखंड आहे, बाबा. आणखी काय असणार!”

“तुला नाही विचारलं. सूनबाई, तू बघ. पापुद्रा निघालाय त्याच्या खाली कसं आहे?”

सगळ्यांत तिलाच का विचारलं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यांचे डोळे तिच्याकडे होते. दुकानात दुसऱ्या कुणाला त्या प्रश्नाचा अर्थच कळला नव्हता. दिराला नाही, नवऱ्याला नाही. आणि धाकटीला कुठून कळणार? तिला त्या खोलीत कधी कुणी येऊ दिलं होतं! एक म्हातारा, ज्याला दिसत नव्हतं, आणि एक ती.

तिने तुकडा हातात घेतला. घामाचं बोट असतं तर पापुद्र्याखाली लाल असतं, खाल्लेलं. तिथे लाल नव्हतं. धुतलेलं, राखाडी-पांढरं, स्वच्छ पोलाद, आत्ताच वाळूच्या माऱ्याखालून काढल्यासारखं. खारा वारा, महिनाभराचं ऊन, सगळं सोसून त्या दोन्ही तुकड्यांवर उघडं पोलाद धडधाकट राहिलं होतं ते तेवढ्याच जागी. तिच्या अंगठ्याखाली.

‘लाल आहे’ म्हटलं की काम संपत होतं. दोन शब्द. आजवर रंगाच्या बाबतीत ती त्यांच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. कशाला बोलेल? तेवढ्या एका गोष्टीसाठी तर ते तिला विचारत होते.

तिने ओठ ओले केले. धाकटी पदराखाली हात घालून उभी होती, रडत नव्हती, नुसती उभी होती.

“पांढरं आहे,” निळीवहिनी म्हणाली.

“नीट बघ.”

“पांढरंच आहे, मामंजी. पापुद्र्याच्या पाठीला तेल आहे.”

सासऱ्यांचा उजवा अंगठा शेजारच्या बोटावर आपोआप घासला गेला, तेल चोळावं तसा. तो अंगठा कुणाकडे गेला होता हे त्यांना माहीत होतं, त्यांनीच दिला होता.

“पांढरं म्हणजे काय, बाबा?” धाकटीने विचारलं.

“म्हणजे घाम नाही, पोरी. घामाखाली लाल येतं. हे तेलाचं बोट आहे. थर चांगला आहे, खालचं पोलाद साफ नव्हतं.” ते थांबले. “साफ ठेवलं नव्हतं.”

“माझं बोट आहे,” निळीवहिनी म्हणाली. कुणी ओढून काढायच्या आत तिने ते काढून टाकलं. “चुकून नाही लागलं. मी लावलं. तू पाठमोरी होतीस तेव्हा.”

नवऱ्याने “अगं!” म्हटलं. दिराचं तोंड उघडं ते उघडंच. मुकादमासारखा माणूससुद्धा छताकडे बघायला लागला. निळीवहिनी ताठ उभी राहिली. आता ही बोलेल, ओरडेल, तुकडा उचलून तोंडावर मारेल, मारू दे. तिला ते हवंच होतं. त्याने निदान फिटंफाट झाली असती.

धाकटी तिच्याकडे बघत होती. मग आपल्या हातांकडे. हात पदरातून बाहेर आले होते.

“म्हणजे माझा नव्हता?” ती म्हणाली. “बाबा, माझा हात नव्हता? नक्की?”

“नव्हता.”

“माझा नव्हता!” ती नवऱ्याला म्हणाली, मग मुकादमाला म्हणाली, त्याचा काय संबंध होता कोण जाणे. “ऐकलंत ना? घाम नाहीये तो!” आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मग काउंटरच्या आत दोन पावलं टाकून तिने चक्क निळीवहिनीचे दोन्ही हात आपल्या ओल्या हातांत धरले. “ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं हो. नाहीतर मी जन्मभर…”

मागाहून ती चिडली, नाही असं नाही, बरेच दिवस नीट बोलली नाही. पण त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर राग औषधालाही नव्हता. नुसता आनंद.

सासऱ्यांनी मुकादमाला बंदुका आणायला सांगितलं. भट्टी आतल्या खोलीत येईल म्हणाले, कपाट बाहेर काढा म्हणाले. आणि धुतलेली प्रत्येक नळी फवाऱ्याखाली जायच्या आधी थोरलीने तपासायची, तिचे हात कोरडे आहेत. ती शिक्षा होती की माफी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

ती उभी होती तिथेच उभी होती. तिचे हात अजून धाकटीच्या हातांत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्या तळव्यांना घामाची ओल लागली होती, ती दुसरीची. आणि खोली गेली, कपाट गेलं, सासऱ्यांच्या डोळ्यांतून उतरली, हे सगळं बाजूला राहून त्या बाईच्या मनात काय यावं? तर असं रागवायचं विसरून हसणं आपल्याला कधी जमलं असतं का, हे आलं. त्या घामट हातांना पोलाद धरता येत नाही म्हणून ती इतकी वर्षं खूश होती, आणि आता त्याच हातांचा तिला असा हेवा वाटला, की तिने आपले हात सोडवून घेतले नाहीत.